डावा हात

विडी घरकुलातल्या आमच्या दाराच्या चौकटीला
पेन्सिलीच्या नऊ रेघा आहेत.
शेवटची एकशे पंचावन्नच्या जेमतेम वर.

पुण्याच्या मॅडम फोनवर म्हणाल्या,
टाचा उचलून हात वर, दोनशे बारा हवेत,
डोक्यावरचं कपाट बंद करता आलं पाहिजे.
आमच्याकडे तेवढ्या उंचीवर
व्यंकटेशाचा फोटो आहे, आणि त्याच्यामागे
फीचे पैसे होते.
पोचते मी.

रात्री दहानंतर अम्माचं विड्यांचं सूप
माझा ट्रे होतं.
काठोकाठ भरलेले स्टीलचे पाच पेले,
मंगळवार बाजारातल्या एक नंबर मोठ्या हिल्स,
पुढे कापूस कोंबलेला,
ओट्यापासून मोरीपर्यंत, मोरीपासून ओट्यापर्यंत.
अंबादास खुर्ची गदागदा हलवतो,
म्हणतो, हवामान खराब आहे, पट्टे बांधा.
पट्टा त्याच्या शाळेचाच.

दातांत पेन्सिल धरून दहा मिनिटं हसू टिकवायचं असतं.
शेजारच्या कोंडम्मा आत्या खिडकीतून विचारतात,
दाढ दुखते का गं?

फॉर्मात एक रकाना: दिसण्याजोगे व्रण.
तर्जनीवर कात्रीची खूण आहे, सहावीतली,
सुट्टीत पानं कापताना झालेली.
'नाही' लिहिलं. मग खोडलं.
केसांतला तंबाखू दोन शाम्पूंनी जात नाही,
तिसऱ्याने जातो, असं मी ठरवून टाकलंय.

सूचना आधी इंग्रजीत पाठ केल्या, मग हिंदीत.
तेलुगूत कुणी विचारणार नाही,
तरी अम्मासाठी तेलुगूतही म्हणते.
फक्त एक वाक्य गाळते.
ती फर्मा ठेवून पान कापते,
चिमूटभर जर्दा, वळी, दोरा, टोक दाबलं,
आजच्या हजारातली सहाशे चाळिसावी.
'मधलं एक खाल्लंस,' मान वर न करता म्हणते.
तिला मोजायची सवय आहे.
मग म्हणावंच लागतं:
विमानात धूम्रपानास सक्त मनाई आहे.
अम्मा जरा थांबते.
'बरोबरच आहे. बंद डब्यात कशाला धूर.'
आणि सहाशे एक्केचाळिसावी सुपात टाकते.

नान्नांना यातलं काहीच ऐकू जात नाही.
सव्वीस वर्षं मागावर गेली, कान तिथेच राहिले.
पण मी हातांनी सूचना द्यायला लागले
की ते ताट बाजूला सारून बसतात.
त्यांच्या कारखान्यात सगळे असंच बोलतात:
दोन बोटांची कात्री म्हणजे दोरा तुटला,
अंगठा ओठाला म्हणजे चहा,
मिशीवरून हात म्हणजे मालक आला.
पट्टा असा. बकल असं.
मास्क आधी स्वतःला, मग लेकराला.
इथे ते थांबवतात.
पुन्हा दाखव.
आधी स्वतःला?
हो, नान्ना.
ते अम्माकडे बघतात. अम्मा दोरा तोडते.

बाहेर पडायचे दरवाजे:
दोन पुढे, दोन मागे, दोन पंखांवर.
माझे हात जातील तिकडे तिघांच्या माना वळतात:
मोरीचा पडदा, गॅसची टाकी,
कॅलेंडर, व्यंकटेश.
दार एकच आहे,
आणि त्यात मी उभी आहे.

रविवारी पहाटेची गाडी.
बॅगेत शेंगाचटणी कुणी टाकली ते मी विचारत नाही.
विमान मी आजवर होटगी रस्त्यावर,
कुंपणाच्या जाळीतून पाहिलंय,
तेही उभं असलेलं.

आता साडेअकरा. लाईट आहे.
नान्ना हाताने म्हणतात:
तुझा डावा हात उजव्याच्या मागून येतो.
मागावर असलं चालत नाही.

पुन्हा.